कोल्ह्याला मारा, पण डिंगोला त्याच यादीत का घालता?

मेलबर्नवासी:
ऑस्ट्रेलियात कोल्हे आणि रानटी कुत्रे दोघांनाही उपद्रवी ठरवून सर्रास विष घालतात. कोल्ह्याबद्दल माझं दुमत नाही. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातून आणून सोडलेला हा प्राणी. नंबॅट, वॉयली अशा जमिनीवर वावरणाऱ्या छोट्या जिवांचा त्याने फडशा पाडला. पण 'रानटी कुत्रे' म्हणून जे मारले जातात त्यांतले बहुतेक शुद्ध डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे जंगली कुत्रे, असल्याचं २०२३च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. डिंगो इथे तीन हजारांहून अधिक वर्षं आहे आणि त्याचा कोल्ह्यांवर वचक असतो. तो वचकच काढून घ्यायचा आणि मग कोल्हे वाढले म्हणून आणखी विष पेरायचं, हे मला चीड आणणारं वाटतं.

माणदेशी:
आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. कळपात लांडगा शिरला की एकच मेंढी उचलून जातो असं नाही, कितीतरी फाडून ठेवतो. डिंगोही तेच करतो. तिथल्या लोकांनी डिंगो अडवायला ५,६०० किलोमीटरचं कुंपण काय हौसेने घातलं? २०२४ मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य भागात डिंगो मारायला बंदी आली, त्याचा भार मेंढीवाल्यांनीच सोसायचा ना?

मेलबर्नवासी:
त्या भागात जेमतेम ४० डिंगो उरल्याचा अंदाज होता. आता नाही तर कधी वाचवायचे? मेंढ्यांची भरपाई सरकारने द्यावी, पूर्ण द्यावी.

रानवाटा:
मला या प्राण्यांना घालतात त्या '१०८०' नावाच्या विषाचाच प्रश्न पडतो. त्यावर खात्रीचा उतारा नाही, प्राणी तासन्‌तास तडफडतो. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांत हेच विष निसर्गतः असतं, त्यामुळे तिथले मूळचे प्राणी ते बऱ्यापैकी पचवतात आणि कोल्हा मरतो. तिथे ठीक. व्हिक्टोरियातल्या प्राण्यांत ती ताकद कमी आहे, त्यांचं काय?

मेलबर्नवासी:
म्हणून तर इथे विषारी आमिष पुरून ठेवतात. मात्र पुरलेलं आमिष कोल्ह्यासारखंच डिंगोही उकरतो. त्यामुळे जिथे डिंगो उरलेत तिथे कोल्ह्यासाठीसुद्धा विष नको. कळपात मारेमा जातीची राखणीची कुत्री ठेवा.

माणदेशी:
कुत्री आम्हीही ठेवतो. पण रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून माणूस मेंढ्यांशेजारीच झोपतो. तिकडे हजारो एकरांत मेंढ्या मोकळ्या, माणूस कोसभर लांब. नुसत्या कुत्र्यांच्या भरवशावर तेवढं रान राखून होणार नाही. आधी राखणीला माणसं ठेवायचा खर्च कोण करणार ते ठरवा, मग विष बंद करा.