दारू सोडायची आहे, कोल्हापुरात ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना) मीटिंग कशी शोधायची?

प्रश्न: थोरल्या दादाला दारू सोडायचीय. मीटिंग कुठं भरते हे कसं कळेल? फी, ओळखपत्र लागतं का? वहिनी सोबत गेल्या तर चालेल?

उत्तर १: ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर कोल्हापूर सांगून ग्रुप, वार, वेळ विचारा. निघण्याआधी फोन कराच, जागा बदलते आणि नेटवर जुनीच यादी राहते. फी नाही, ओळखपत्र नाही, बोलायची सक्तीही नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते, नवख्यानं काही टाकायची गरज नाही. वहिनींना फक्त ‘खुल्या’ (न पिणाऱ्यांनाही येता येतं अशा) मीटिंगला बसता येतं. त्यांच्यासाठी अल-अॅनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळा असतो.

उत्तर २: भावा, दादा रोज पीत असतील तर आधी सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव. दारू एकदम तोडली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, प्रचंड थरथर, ताप आला तर जिवावर बेततं. मीटिंगमध्ये औषध मिळत नाही, हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

उत्तर ३: १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन, टोल फ्री आहे. आणि एकाच मीटिंगवरून ठरवू नका, प्रत्येक ग्रुपचा सूर वेगळा. संपल्यावर लगेच निघू नका, चहाला थांबून जुन्या सदस्याचा नंबर घ्या. तलफ मीटिंगच्या वेळेत येत नाही.