सॅम्पल कापलं तरी मूळ गाणं लपत नाही, तुम्ही काय करता?

अर्धी_मात्रा: माझ्या बीटसाठी सॅम्पल म्हणून जुन्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमधले चार बार (तालाची चार आवर्तनं) उचलते, आठ तुकडे करून मशीनच्या पॅडवर म्हणजे बटणांवर टाकते, उलटसुलट वाजवते. तरी घरचे ओळखतातच, "अगं, हे तर तेच गाणं!" चॉप (तुकडे) अजून बारीक करू, की इफेक्ट चढवू?

खरखर: दोन्ही नको. तुम्ही नेमका मुखडा उचलताय. तोंड कितीही रंगवलं तरी ते तोंडच.

मी पहिल्यांदा ऐकताना मशीन बंद ठेवतो. गाणं शेवटपर्यंत ऐकायचं आणि कागदावर फक्त वेळा टिपायच्या: गायक कुठे श्वास घेतो, व्हायोलिनचा सूर कुठे विरतो, दोन कडव्यांमध्ये बेस कुठे एकटा पडतो. माझ्या निम्म्या बीट्स असल्या उरल्यासुरल्यावरच उभ्या आहेत.

शिवाय एका बीटला दहाच सेकंदांचं सॅम्पल. ही खोड १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलिंग मशीनची. त्या मशीनची मेमरीच जेमतेम दहा सेकंदांची, म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून भरायचे आणि आत पिच (सुराची पट्टी) खाली ओढायचे. तेवढ्याच जागेत साडेतेरा सेकंद मावायचे! १२ बिटच्या आवाजाला खाली ओढताना जी खरखर येते (माझं नाव तिथलंच), तिच्यासाठी आता लोक प्लगिन (कॉम्प्युटरवरचे इफेक्ट) विकत घेतात. मी कॉम्प्युटरवर सॅम्पल पाच सेमीटोन (अर्धे स्वर) चढवतो, २६ किलोहर्ट्झच्या आसपासच्या सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला साधारण २६ हजार नमुने घेत रेकॉर्ड करतो, मग परत उतरवतो. वरची चकाकी जाते. जाऊ दे.

पॅड१६: खरखरराव, चॉपचा एवढा सोस कशाला? लूप (न कापता पुन्हापुन्हा फिरणारा तुकडा) गोड असेल तर वाजू द्यावा. १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मधला ड्रम ब्रेक (नुसत्या ड्रमचा तुकडा) सात सेकंदांचा, त्यावर 'जंगल' नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला.

खरखर: आणि त्या जंगलवाल्यांनीच त्या ब्रेकची खांडोळी केली की! पण मान्य, कधीकधी लूपला हात न लावणंच बरं. मला ते जमत नाही, हात शिवशिवतात.

अर्धी_मात्रा: ओळखूच आलं नाही तर परवानगी लागत नाही ना?

खरखर: त्यावर विसंबू नका. रेकॉर्डिंगचा हक्क एकाकडे, चाल-शब्दांचा बहुधा दुसऱ्याकडे. प्रसिद्ध करायचं असेल तर दोन्हीकडे विचारा. सरावाच्या बीट्सचं मी कुठल्या रेकॉर्डचा कितवा सेकंद घेतला तेवढं लिहून ठेवतो, नंतर आठवत नाही.

अर्धी_मात्रा: काल मशीन बंद ठेवून ऐकलं. १ मिनिट ४२ सेकंदांवर मागे कुणीतरी खोकलंय. इतकी वर्षं कधी ऐकूच आलं नव्हतं. स्नेअर ड्रमच्या ठोक्याखाली लावलंय.