वाईजवळच्या सपाट वाटा : मेणवली आणि धोमचा कालवा
पांडवगड किल्ल्याची चढण ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही अशा ज्येष्ठांसाठी वाईजवळ सपाट वाट कोणती, या प्रश्नावर धोम धरणाचा परिसर सुचवला गेला आहे. माझ्या मते सुरुवात त्याहून जवळच्या मेणवलीने करावी. वाईहून सुमारे 3 किलोमीटरचे हे अंतर रमतगमतही तासाभरात होते, आणि नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट निवांत पाहता येतो. 1739 च्या वसई विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तेथेच एका छोट्या देवळात टांगलेली आहे. घाटाच्या पायऱ्या मात्र कोरड्या भागावरूनच उतराव्यात.

धोम धरणाच्या कालव्यालगतचा सेवारस्ता, म्हणजे कालव्याच्या देखभालीसाठीचा रस्ता, चालायला याहूनही सोपा, कारण पाणी आपोआप पुढे सरकावे एवढाच अल्प उतार कालव्याला दिलेला असतो आणि रस्ताही तोच उतार धरून जातो. आवर्तन सुरू असताना, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडलेले असताना, तेथील गारवा फार सुखद वाटतो. परंतु कालव्याच्या अस्तरीकरण केलेल्या (पाणी झिरपू नये म्हणून पक्क्या केलेल्या) तिरप्या बाजू शेवाळाने निसरड्या होतात आणि पाण्याची ओढ काठावरून लक्षात येत नाही, त्यामुळे हातपाय धुण्यासाठीही कोणी खाली उतरू नये, ही कळकळीची विनंती. पावसाळ्यात या वाटेवर चिखल होतो, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत.