पद्मिनीचं इंजिन माउंटिंग गेलंय, पट्ट्याचं रबर टाकू की नवीन जोडी घेऊ?

जळगावची_पद्मिनी
राम राम मंडळी. घरी वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे, 1986 ची, तीच 1089 सीसीवाली, स्टिअरिंगवरचा गिअर. सध्या सिग्नलला उभी राहिली की अख्खी थरथरते, आरशात मागचं काही दिसत नाही, आणि पहिला टाकून क्लच सोडला की पुढून धाडकन आवाज. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर एका बाजूचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) ऑइलने चिंब, रबर फुगलंय, नख रुततं आणि लोखंडी प्लेटपासून कडेने सुटलंय. दुसरं कोरडं आहे पण भेगा पडल्यात. मिस्तरी म्हणतो जिनिंग मशीनच्या रबरी पट्ट्याचा तुकडा कापून मधे देतो, संध्याकाळी गाडी न्या. मला ही गाडी विकायची नाही, नीट सांभाळायचीय, आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला न्यायचीय. पट्टा चालेल का? नवीन टाकायला इंजिन उतरवावं लागतं का?

धुळ्याचा_गॅरेजवाला
पट्टा नका टाकू भाऊ. त्यात कापडाचे थर असतात, तो कडक असतो, थरथर सगळी बॉडीत येईल. आणि मूळ फाउंडेशनमधे, म्हणजे माउंटिंगमधे, रबर दोन्ही प्लेटना भट्टीत चिकटवलेलं असतं, म्हणून ते दाब पण घेतं आणि ताण पण घेतं. तुम्ही क्लच सोडला की इंजिन एका अंगाला कलतं, एका बाजूचं रबर दाबलं जातं, दुसऱ्या बाजूचं ओढलं जातं. सुटा तुकडा फक्त दाब घेईल, ओढ कोण घेणार? घाटात दुसऱ्या गिअरला जोर लावला की परत धाडकन.
जोडीच बदला. एक नवीन एक जुनं ठेवलं तर इंजिन तिरकं बसतं.
इंजिन उतरवायची गरज नाही, जॅकवर थोडं उचललं की काम होतं.

तापीकाठ
वरच्या दादांशी सहमत, पण आधी ऑइल कुठून येतंय ते शोधा ना. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग बघा, पेट्रोल पंप जिथे ब्लॉकला बसतो तिथलं पॅकिंग बघा. ऑइल रबराचा वैरी आहे, गळती तशीच ठेवून नवीन टाकलं तर तेही असंच फुगणार, वर आपल्याकडचा मे महिना आणि बॉनेटखालची उष्णता. आणि थरथर सगळी माउंटिंगचीच असेल असं धरू नका, एखादा सिलेंडर मिस करत असेल तरी गाडी उभ्याने अशीच हलते, प्लग आणि पॉइंट आधी साफ करून बघा. माउंटिंगची खात्री करायची तर हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, पहिल्यात हलका हाफ क्लच द्या, दुसऱ्याला बाजूने इंजिन बघायला सांगा (समोर कुणी उभं राहायचं नाही!), मग रिव्हर्समधे तेच. इंजिन एका बाजूने उचलून परत आदळलं तर समजायचं.

जळगावची_पद्मिनी
बघितलं, चांगलं बोटभर उचलतंय. टॅपेट कव्हरच गळतंय, कडेने ओघळ थेट माउंटिंगवर. जोडी सांगून ठेवली. उचलताना काय सांभाळायचं?

धुळ्याचा_गॅरेजवाला
बॅटरीची निगेटिव्ह काढा. जॅक डायरेक्ट चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) लावू नका, पत्रा दबतो, मधे जाड रुंद लाकडी फळी द्या. नट ढिले करा मग हळूहळू उचला, रबर निघेल इतकंच, त्याच्यावर अजिबात नाही. उचलताना एक डोळा फॅन आणि रेडिएटरच्या अंतरावर, एक वरच्या होज पाईपवर, सायलेन्सरचा पाईप आणि गिअरचे रॉड पण ताणले जाऊ देऊ नका. इंजिन नुसत्या जॅकवर असताना खाली हात घालून बसू नका, आधाराला ठोकळे लावा.
नवीन रबराला ग्रीस, ऑइल काही लावायचं नाही. बसत नसेल तर साबणाचं पाणी.

भुसावळ_इलेक्ट्रिक
एक गोष्ट राहिली. इंजिन रबरावर बसतं म्हणजे करंटसाठी बॉडीपासून तुटलेलं असतं, करंट परत येतो तो अर्थिंगच्या विणलेल्या पट्टीतून. इतके दिवस इंजिन हलतंय तर ती पट्टी तुटत आली असेल. ती गेली तर सेल्फचा (स्टार्टर मोटरचा) करंट अॅक्सिलरेटर नाहीतर चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. काम उघडलंच आहे तर दोन्ही टोकं घासून घट्ट करा, तारा तुटल्या असतील तर नवीनच टाका.

जळगावची_पद्मिनी
पट्टीच्या अर्ध्या तारा खरंच तुटल्यात भो, बरं झालं सांगितलं. मागचं गिअरबॉक्सखालचं रबर पण बदलू का?

धुळ्याचा_गॅरेजवाला
हो, तिन्ही एकाच वयाची आहेत. तिन्ही बसवून बोल्ट आधी हातानेच लावा, जॅक सोडा, इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, मग सुरू करून थोडं चालू ठेवा, बंद करा आणि मगच पाना मारा. आधी आवळलं तर रबर पिळलेलं राहतं. घाट चढायच्या आधी गावातच चार दिवस फिरवा आणि नट परत एकदा तपासा.