फुले भरपूर, फळ एकही नाही : परड्यातील कर्टोली, पॅशन फ्रूट आणि बटर फ्रूट

टिळकवाडीचे परडे (प्रश्न)

नमस्कार. बेळगावात टिळकवाडीला आमच्या घरामागे साधारण २० बाय ३० फुटांचे परडे आहे. वांगी, दोडका, मेथी बाजारात बारमाही मिळते, म्हणून गेली सहा-सात वर्षे मी मुद्दाम क्वचित दिसणाऱ्या भाज्या आणि फळे लावत आले आहे. वाढीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आपली लाल माती आणि इथला पाऊस यांमुळे वेल अंगावर येतील इतके माजतात. तक्रार आहे ती फळांची.

कर्टोलीचे चार वेल आहेत. ते मी बियांपासून केले असून यंदा चारही वेलांना रोज दहा-बारा पिवळी फुले येतात आणि सकाळी ती मांडवाखाली गळून पडलेली दिसतात. पिवळ्या पॅशन फ्रूटचे दोन वेल शेजाऱ्यांच्या एकाच वेलाच्या काड्या आणून लावले होते. पहिल्या वर्षी पाच-सहा फळे धरली, पण गेल्या वर्षी जुना बांबूचा मांडव कुजला म्हणून तो काढून आम्ही लोखंडी पाइपांचा केला आणि तेव्हापासून एकही फळ नाही. बटर फ्रूटचे (ॲव्होकाडोचे) झाड सातव्या वर्षी गेल्या हिवाळ्यात प्रथमच मोहरले आणि सगळा मोहर झडला. जूनमध्ये लावलेला चौधारी घेवडा श्रावण आला तरी नुसत्या पानांनी भरला आहे. त्याला तर फूलसुद्धा नाही.

शेणखत, नीमपेंड, ताक, जे जे कोणी सुचवले ते सर्व घालून झाले. चूक नेमकी कुठे होते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरचे म्हणतात की सगळे काढून भेंडी लाव.

खानापूर रस्ता (उत्तर)

ताई, भेंडी लावण्याची घाई करू नका. मी फक्त कर्टोलीबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे ती लहानपणापासून आहे. खानापूरच्या रानातून पावसाळ्यात बायका टोपलीतून आणतात ती हीच, कन्नड शेजारी तिला मडहागल म्हणतात.

कर्टोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. काकडी-दोडक्यात एकाच वेलावर दोन्ही फुले येतात, तशी इथे येत नाहीत. बियांपासून केलेल्या वेलांत साधारण निम्मे नर निघतात आणि फूल येईपर्यंत ते ओळखण्याचा घरगुती उपाय नाही. चारांपैकी चारही नर निघणे ही दुर्दैवाची गोष्ट असली तरी अशक्य मुळीच नाही. फूल हातात घेऊन पाहा. लांब, बारीक देठावर फुलाच्या अगदी खाली टोपीसारखे एक हिरवे पान फुलाला कवटाळून बसलेले असेल, तर तो नर. फुलामागे हरभऱ्याएवढे, मऊ काट्यांचे इवलेसे कर्टोले आधीपासूनच दिसत असेल, तर ती मादी.

दुसरी गोष्ट अशी की हे फूल दिवस मावळताना उमलते आणि परागीकरणाचे काम रात्रीच्या पतंगांकडे असते. शहरात दिव्यांच्या उजेडात हे पतंग परड्यापर्यंत कितपत पोहोचतात याची मला शंका आहे, म्हणून मी संध्याकाळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवतो. एका नर फुलात तीन-चार मादी फुले सहज होतात. आठ-दहा मादी वेलांना एक नर वेल पुरतो, तेव्हा तुमच्याकडे नरांची चंगळ आहे, असेच म्हणावे लागेल.

निपाणीकर, निवृत्त (उत्तर)

कृषी खात्यातील नोकरीत माझी उमर गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. प्रश्नकर्त्या ताईंनी खतांची यादी दिली आहे, परंतु त्यांच्या चारही तक्रारींत खताचा संबंध जवळजवळ नाही. उलट नत्र जास्त झाले, तर घेवडा आणखीच पानात जाईल.

पिवळ्या पॅशन फ्रूटचे परागकण त्याच वेलाच्या फुलाला चालत नाहीत. वेल दोन असले तरी एकाच वेलाच्या काड्यांपासून झालेले असल्याने झाडाच्या दृष्टीने ते एकच आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. पहिल्या वर्षीची पाच-सहा फळे बहुधा शेजारच्या एखाद्या निराळ्या वेलाच्या परागांवर धरली असावीत आणि ते पराग काळ्या भुंग्याने आणले असावेत. हा मोठा भुंगा वाळलेल्या लाकडात आणि बांबूच्या पोकळीत घर करतो. आपण कुजलेला मांडव काढला, त्याबरोबर त्याचे घरही गेले असण्याचा संभव आहे. लोखंडी पाइप राहू द्या, पण परड्याच्या कोरड्या कोपऱ्यात, पावसापासून आडोसा करून, हातभर लांबीचे वाळलेले बांबू आडवे बांधून ठेवा. मधमाशी या फुलावर येते, पण ती आकाराने लहान असल्याने पराग गोळा करून निघून जाते. वरच्या स्त्रीकेसरांना तिची पाठ लागतच नाही.

भुंगा येईपर्यंत हाताने काम करावे. पिवळ्या जातीचे फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलते (जांभळ्या जातीचे पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते, आणि ती जात बहुधा स्वतःच्याच परागांवर फळते). उमलल्याबरोबर फुलाच्या माथ्यावरचे तीन स्त्रीकेसर उभे असतात. तासाभराने ते वाकून खाली येतात आणि पाच पुंकेसरांच्या पातळीला टेकतात. तेच वेळेचे लक्षण समजावे. जे फूल शेवटपर्यंत केसर वाकवतच नाही, त्याच्यावर मेहनत घेऊ नये, ते फळ देणार नाही. दुसऱ्या घरच्या वेलाचे त्याच दुपारी उमललेले फूल डबीत आणून त्याचे पराग तिन्ही टोकांना लावावेत. यात पावसाची मोठी अडचण आहे, कारण ओले झालेले परागकण फुटून वाया जातात. म्हणून आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या संततधारेतील फुले सोडून द्यावीत, अथवा कागदाची टोपी घालून झाकावीत, आणि खरी अपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उघडिपीतील फुलांकडून ठेवावी. वेल नव्याने आणायचा असेल, तर कोडगूतील चेट्टळ्ळी येथील संशोधन केंद्रात जांभळ्या आणि पिवळ्या जातींच्या संकरातून तयार झालेली ‘कावेरी’ ही जात विचारात घ्यावी.

चौधारी घेवड्याचे उत्तर एका वाक्यात : दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. जूनमध्ये लावा किंवा ऑगस्टमध्ये, निळसर फुले दसऱ्याच्या आसपासच दिसू लागतील. पुष्कळ लोक गणपतीपर्यंत वाट पाहून वेल उपटतात आणि अवघ्या महिन्याने चुकतात. तोवर कोवळी पाने भाजीला घ्यावीत. शेवटी जमिनीतील गड्डेही उकडून खाता येतात.

अनगोळचा माळ (उत्तर)

बटर फ्रूटबद्दल माझा अनुभव लिहिते. एका रोपवाटिकेतून मी ‘कलमी’ म्हणून दुप्पट पैसे देऊन रोप आणले. चार वर्षांनी समजले की ते बियांचेच होते, कारण खोडावर कलमाचा सांधा कुठेच नव्हता. आता मी रोप घेताना मातीपासून वीतभर उंचीवर सालीचा रंग बदलून तिरकी खूण दिसते का, हे बोट फिरवून पाहते आणि मगच पैसे देते. बियांच्या झाडाला पाच ते आठ वर्षे सहज लागतात, तेव्हा टिळकवाडीच्या ताईंचे झाड वेळेवरच मोहरले आहे.

या झाडाचे फूल दोनदा उमलते, पहिल्यांदा मादी म्हणून आणि मिटून दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जाती सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होतात. काही जाती दुपारी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर होतात. पहिल्या गटात हास येते, दुसऱ्या गटात फ्युएर्टे. एकच झाड असेल तर दोन्ही अवस्था एकमेकींना क्वचितच गाठतात. याउप्पर चांगल्या झाडावरही हजार फुलांमागे एखादेच फळ टिकते, त्यामुळे मोहर झडण्याचे दुःख करू नये. पुढच्या मोहरात सकाळी दहाला आणि दुपारी तीनला एकच फांदी पाहून आपले झाड कोणत्या गटातले, ते ठरवावे आणि दुसऱ्या गटाचे कलम जवळपास लावावे. शेजाऱ्यांच्या अंगणात लावले तरी चालते, माश्या कुंपण मानत नाहीत.

एक मात्र जपा. याची मुळे वरवर असतात आणि पाणी साचले की कुजतात. आमचे पहिले झाड आषाढात तीन आठवड्यांत गेले. दुसरे मी दीड फूट उंच मातीच्या उंचवट्यावर लावले आहे.

टिळकवाडीचे परडे (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काल सातच्या सुमारास टॉर्च घेऊन कर्टोलीखाली उभी राहिले. कळ्या डोळ्यांदेखत सुटत होत्या आणि मंद सुवास येत होता, जो एवढ्या वर्षांत मला कधी कळलाच नव्हता. चारही वेलांवर एकूणएक फुलाला ती हिरवी टोपी आहे. चारही नर! घरी यावर बराच विनोद झाला.

पॅशन फ्रूटसाठी हिंदवाडीत नात्यातल्या एका घरी वेगळा वेल सापडला आहे. उघडीप पडली की डबी घेऊन जाईन. बांबू आजच बांधले. खानापूरच्या दादांना एकच विचारायचे आहे : मादी वेल आता या दिवसांत मिळेल का?

खानापूर रस्ता (उत्तर)

वेल आता काढता येणार नाही, मुळे दुखावली की तो बसतो. आमच्या दोन चांगल्या मादी वेलांच्या बुडाशी मी लाल दोरा बांधून ठेवतो, कारण थंडीत वेल वाळून नाहीसा होतो आणि कंद कुठे आहे, ते नंतर सापडत नाही. दिवाळीनंतर वेल वाळला की त्यांचे तीन-चार कंद काढून देईन. ते कोरड्या वाळूत ठेवा आणि वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की लावा. तुमच्या चार नरांपैकी जोमदार असेल तो एक तेवढा ठेवा आणि त्याच्या बुडाशी आत्ताच दोरा बांधा, पण लाल सोडून दुसऱ्या रंगाचा. मोबदल्यात हिंदवाडीच्या वेलाची एक काडी मिळाली तर बरे होईल.

निपाणीकर, निवृत्त (उत्तर)

काडी एका नव्हे, दोन वेगवेगळ्या वेलांची घ्यावी.