फळ्यावरचा स्वल्पविराम

शिक्षक-प्रशिक्षणातले सराव पाठ परदेशातल्या वर्गात घेताना ‘खरी अडचण भाषेची’ असं म्हणतात, ते मला निम्मंच पटलं. भाषा अडली की मुलांना ते कळतं, ती सांभाळून घेतात. माझी फजिती झाली ती आकड्यांत, जिथे मी अगदी निर्धास्त होते! जर्मनीतल्या वर्गात फळ्यावर १,२५० मीटर लिहिलं आणि किलोमीटर करायला सांगितले. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या वहीत उत्तर ०,००१२५. तिने सव्वा मीटर धरलं होतं आणि तिच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. तिकडे दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम, हजारांसाठी टिंब किंवा मोकळी जागा, आणि गुणाकारालाही मधोमध टिंबच. त्यात माझा एक म्हणजे नुसती उभी रेघ, तिकडच्या एकासारखी वर तिरकी रेघ नसलेली.

त्यामुळे जाणाऱ्यांनी पाठाचं टाचण, म्हणजे शिकवण्याचा आराखडा, काढण्याआधी मुलांच्या दोन-चार वह्या मागून चाळाव्यात. मला हे तिसऱ्या आठवड्यात सुचलं, तोवर भागाकारातही घोळ घालून झाला होता. त्यांची मांडणी ८४ : ४ = २१ अशी एका ओळीत; मी उत्तर वर लिहीत होते आणि पोरं ते उजवीकडे शोधत होती.