दिवाळी अंकाला दिलेली विज्ञानकथा: किती दिवस थांबायचं?

नमस्कार मंडळी,

एप्रिलअखेरीस एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा पाठवली. ४,२०० शब्द, सोबत तीन कविता. 'साहित्य मिळाले' एवढी पोच आली, मग सगळं शांत. आता ऑगस्ट संपत आला. एकदा फोन केला तर 'संपादक मंडळाकडे आहे' म्हणाले. गणपती होईपर्यंत थांबू, की कथा मागे घेतो म्हणून कळवून टाकू? दुसरा एक अंक अजून साहित्य घेतोय, पण दोघांनीही छापली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

इंग्रजीत निदान नियम लिहिलेले असतात. क्लार्क्सवर्ल्ड हे विज्ञानकथांचं मासिक सरळ सांगतं, एक कथा एका वेळी दोन ठिकाणी नको. आपल्या आवाहनात शब्दमर्यादा असते, शेवटची तारीख असते. निर्णय कधी, मानधन किती, याबद्दल चकार शब्द नाही.

कवितांचं दुखणं आणखी वेगळं. गेल्या वर्षी एका अंकानं जागा वाचवायला माझ्या ओळी जोडून चक्क परिच्छेद केला. वर फॉन्ट बदलताना 'ताऱ्यांच्या'मधला अर्धा र उडाला आणि छापून आलं, 'काळोखात तायांच्या रांगा'. आमची ताई अजून हसते. यंदा पीडीएफही जोडली आहे. तेवढ्यानं भागेल का?

प्रतिसाद १
आत्ताच मेल टाका, तारीख घालून: 'दहा सप्टेंबरपर्यंत कळवावे, अन्यथा कथा अन्यत्र देत आहे.' फोनवरचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कविता पुढच्या वेळी वेगळ्या मेलनं पाठवा, आणि प्रत्येकीखाली 'एकूण १४ ओळी, ३ कडवी' असं लिहा. पान लावणारा माणूस पीडीएफ उघडेलच असं नाही. त्या पानाचं प्रूफ मात्र मागाच, व्हॉट्सॅपवर फोटो आला तरी चालेल.

प्रतिसाद २
मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचंही बघा. १९७४ साली नारळीकरांनी तिथे 'नारायण विनायक जगताप' नावानं कथा पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती! आपलं अक्षर कोण ओळखतंय म्हणा.

धागाकर्ता
मेल टाकली, तारीख घातली. कवितांखाली ओळी मोजून लिहिल्या. मोजायला ताईलाच बसवलं.